देणे कोणाचे, वसुली कोणाकडून?

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. बहीण आणि मेव्हणे पुण्याहून आले होते. बरोबर त्यांचा नऊ वर्षांचा नातू. जेवणे झाली, वामकुक्षी झाली, आणि संध्याकाळी पाहुण्यांना कुठे न्यावे हा नेहमीचा प्रश्न उभा राहिला. बोरिवलीला आलेला पाहुणा एकतर कान्हेरीला जातो, नाहीतर गोराईच्या तरीवर. मी म्हटले, "घरापासून चालत जाण्यासारखे एक लेणे आहे. चला, ते दाखवतो." मेव्हण्यांना ते खरे वाटेना. घारापुरी ऐकली होती, जोगेश्वरी ऐकली होती. पण बोरिवलीच्या वस्तीत, रिक्षा आणि भाजीच्या गाड्यांच्या पलीकडे दीड-एक हजार वर्षांचे शैव लेणे उभे आहे, हे त्यांच्या गावी नव्हते. त्यांना तरी का हसावे? बोरिवलीत जन्म काढलेल्या कितीतरी जणांच्या गावी ते नाही.

मंडपेश्वर त्याचे नाव. कातळात कोरलेला मंडप, खांब, मध्ये गाभारा. एका दालनात नृत्य करणारा शिव. झिजलेला, तुटलेला, पण अजून ताल न चुकलेला. वर टेकडीवर जुन्या इमारतीच्या भिंती आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. नातू सगळीकडे धावला आणि एका ठिकाणी थबकला. तिथे कोरीव कामाच्या जागी भलामोठा क्रूस कोरलेला आहे.

"मामाआजोबा, महादेवाच्या देवळात हा क्रूस कसा?"

मी तोंड उघडण्यापूर्वी मेव्हणे म्हणाले, "अरे, ह्यांच्या शेजारी त्या ख्रिस्ती आजी राहतात ना, त्यांच्या लोकांनी कोरला. देऊळ घेऊन चर्च केले होते त्यांनी इथे."

पोरगा गप्प झाला. मुले गप्प होतात तेव्हा हिशेब मांडत असतात. पायऱ्या चढून बाहेर आल्यावर त्याने विचारले, "मग सकाळी आपण त्यांच्याकडे फराळाचे ताट कशाला नेले?"

मेव्हण्यांशी त्या दिवशी मी वाद घातला नाही. भाऊबीजेच्या दिवशी बहिणीच्या नवऱ्याशी वाद घालणे आमच्या घरात बसत नाही. हा लेख म्हणजे तो राहून गेलेला वाद आहे. तो एकट्या मेव्हण्यांशी नाही. त्यांच्या अगदी विरुद्ध बाजूला उभे राहून तितकेच चुकीचे बोलणारे काही सज्जन आहेत, त्यांच्याशीही आहे.

मेव्हण्यांच्या बोलण्याचे दोन तुकडे पडतात. 'देऊळ घेऊन चर्च केले' हा एक, आणि 'त्या आजींच्या लोकांनी' हा दुसरा. पहिला तुकडा खरा आहे. दुसरा खोटा आहे. मौज अशी की आपल्याकडे ज्यांना दुसरा खोटा वाटतो ते पहिलाही झाकू पाहतात, आणि ज्यांना पहिला खरा वाटतो ते दुसरा आपोआप खरा धरून चालतात. दोन्ही तुकडे वेगळे करून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही.

आधी पहिला घेऊ.

१५३४ च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने हुमायूनच्या धास्तीने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगिजांना देऊन टाकला. त्यात मुंबईची बेटे आली आणि वांद्र्यापासून ठाण्यापर्यंत पसरलेली आपली साष्टीही आली. अंधेरी, मालाड, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सारी उपनगरे ज्या जमिनीवर उभी आहेत, ती जमीन एका सहीने लिस्बनच्या राजाची झाली. येथल्या कुणब्याला, कोळ्याला, भंडाऱ्याला कोणी विचारले नाही. तसे विचारण्याची त्या काळी रीत नव्हती.

सैनिकांच्या मागोमाग पाद्री आले. त्यांत पहिले होते फ्रान्सिस्कन, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या पंथाचे. जाडाभरडा झगा, कमरेला दोर, दोराला तीन गाठी: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांच्या. जेझुइट मागाहून, १५४८ च्या सुमाराला वसई-ठाण्याकडे आले. वांद्र्याचे संत आंद्रेचे देऊळ १५७५ चे आणि अंधेरीच्या मरोळचे संत योहानाचे १५७९ चे, ही त्यांची कामे. पण बोरिवली फ्रान्सिस्कनांची. त्यांच्यातला येथला मोठा कर्ता पुरुष म्हणजे आंतोनियो दो पोर्तो. माणूस विलक्षण उद्योगी असला पाहिजे. वसई आणि आसपासच्या मुलुखात त्याने देवळांमागून देवळे उभी केली. दियोगो दो कोतो हा पोर्तुगीज इतिहासकार सांगतो की, कान्हेरीच्या भुयारांचा थांग लावण्यासाठी हा पाद्री एका सोबत्याला घेऊन, दोर आणि शिदोरी बांधून आत शिरला आणि सात दिवस आतच फिरत राहिला. सात दिवसांचा आकडा आपण मीठ लावून घेऊ. पण असल्या गोष्टी ज्याच्याविषयी सांगितल्या जातात तो माणूस साधा नसतो.

या आंतोनियोने सोळाव्या शतकाच्या मध्याला मंडपेश्वराचे लेणे घेतले आणि त्याचे चर्च केले. मृत पुत्राला मांडीवर घेऊन बसलेल्या दुःखी मातेच्या नावाने ते अर्पण केले. शिल्पांपुढे भिंती आल्या, मूर्तींवर गिलावा चढला. वर टेकडीवर मठ आणि नवख्रिस्ती मुलांसाठी विद्यालय बांधले गेले. आज ज्या भिंती उघड्या पडल्या आहेत त्या त्याच वास्तूच्या. कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहाचेही असेच देऊळ झाले, ते संत मायकेलच्या नावाने.

हे झाले. ते तसेच सांगितले पाहिजे. परंतु ते सांगताना आपले काही ख्रिस्ती मित्र, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांचे मन राखू पाहणारे आपले काही हिंदू विद्वान, घसा खाकरतात. म्हणतात, लेणे ओसाड होते हो! रानात पडलेले होते. पाद्रीबाबांनी ते वापरात आणले, एवढेच.

मी विचारतो, ओसाड असेल तर मूर्तींपुढे भिंत कशाला बांधावी लागली? जिच्याकडे कोणी पाहत नाही, तिला झाकायचे कारण काय? रिकाम्या घराचे कुलूप कोणी फोडत नाही. गिलावा चढवणाऱ्यालाच पक्के ठाऊक होते की हा देव अजून लोकांच्या डोळ्यांत जिवंत आहे. शिवाय या बेटावरच्या लेण्यांत योगी राहत होते, त्यांतल्या दोन मोठ्या योग्यांना पाद्रींनी ख्रिस्ती करून नवी नावे दिली, ही हकीगत सांगणारे पोर्तुगीजच आहेत. ज्यांनी विजयाच्या अभिमानाने हे लिहून ठेवले, त्यांची साक्ष खोटी ठरवून आपण त्यांच्या वतीने लाजायचे, हा न्याय कुठला? आणि गोष्टीतला विनोद असा की, ज्या गिलाव्याने नटराज झाकला, त्यानेच ऊन-पावसापासून आणि मागाहून आलेल्या हातांपासून त्याचे काही अवयव सांभाळले. पण ते पुण्य गिलाव्याचे. चढवणाऱ्याच्या खात्यावर ते जमा करता येत नाही.

दुसरी सबब याहून जुनी आहे. 'तो काळच तसा होता. सगळेच एकमेकांची देवळे घेत होते. आजच्या फूटपट्टीने सोळावे शतक मोजू नका.' ठीक. आजची फूटपट्टी ठेवून देऊ. त्यांचीच घेऊ. त्यांच्याच पंथाची, त्यांच्याच संस्थापकाच्या हातची.

असिसीचा फ्रान्सिस १२१९ साली, धर्मयुद्ध ऐन रंगात असताना, इजिप्तमध्ये दमिएत्ताच्या छावणीतून निघाला आणि शत्रूच्या गोटात जाऊन सुलतान अल्-कामिलला भेटला. हातात शस्त्र नाही, पाठीशी फौज नाही. तो सुलतानाला ख्रिस्ती करू शकला नाही, सुलतानानेही त्याचे डोके उडवले नाही. दोघे बोलले आणि फ्रान्सिस सुखरूप परत आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १२२१ साली त्याने आपल्या बांधवांसाठी जी नियमावली केली तिच्यात परधर्मीयांच्या मुलुखात जाणाऱ्या बांधवांसाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात वागण्याच्या दोन रीती सांगितल्या आहेत. पहिली अशी की, वाद घालू नये, तंटा करू नये, देवासाठी तेथल्या प्रत्येक माणसाच्या आधीन होऊन राहावे आणि आपण ख्रिस्ती आहोत एवढे मात्र सांगावे. दुसरी अशी की, देवाची इच्छा आहे असे दिसेल तेव्हा उघड उपदेश करावा. बस्स. रीती दोनच. कोणी म्हणेल, त्या नियमावलीवर पोपची मोहोर उठली नाही, १२२३ च्या नियमात हा मजकूर आटोपता झाला. खरे आहे. पण आटोपत्या मजकुरातही तिसरी रीत आलेली नाही. राजाच्या शिपायांमागून जावे, लोकांचे देऊळ घ्यावे, देव भिंतीआड करावा आणि वर आपले घर बांधावे, ही रीत फ्रान्सिसला ठाऊक नव्हती. ती आंतोनियोची.

तेव्हा 'काळच तसा होता' हे मला सांगू नका. आंतोनियोच्या काळाहून तीन शतके आधी त्याच्याच गुरूला याहून चांगले कळत होते.

येथे एक जुनी गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती आपल्याच बेटावरची आहे, आणि बोरिवली-ठाण्याच्या मराठी माणसाला ती माहीत असू नये याचे मला नवल वाटते. पोर्तुगीज यायच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी, १३२१ साली, याच पंथाचे चार जण ठाण्याच्या बंदरात उतरले. तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. बरोबर जॉर्डानस नावाचा दुसऱ्या, म्हणजे डॉमिनिकन पंथाचा एक पाद्री. त्यांना जायचे होते कोल्लमला आणि पुढे चीनला. वाऱ्याने गलबत ठाण्याला लावले. ठाण्यात तेव्हा पूर्वेकडच्या नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधराएक घरे होती. त्यांच्याकडे ते उतरले. त्या घरात नवराबायकोचे भांडण झाले, नवऱ्याने बायकोला मारले, बायको काझीकडे गेली, आणि साक्षीला या पाहुण्यांना बोलावणे आले. तिघे गेले, पीटर सामानापाशी राहिला. साक्षीची धर्मचर्चा झाली. प्रेषित महंमदाविषयी विचारले गेले, थॉमसने जहाल उत्तर दिले, आणि त्यात चौघांचेही प्राण गेले. जॉर्डानस त्या वेळी ठाण्यात नव्हता. परत येऊन त्याने त्यांना सोपाऱ्यात पुरले. पुढे ओडोरिक नावाचा त्यांचाच एक बांधव प्रवास करीत इकडे आला. त्याने त्यांच्या अस्थी उचलल्या आणि आपल्याबरोबर थेट चीनला नेल्या. ही सारी हकीगत त्याच्याच प्रवासवृत्तातून आपल्याला कळते.

थॉमसने दुसऱ्याच्या श्रद्धास्थानाविषयी कटू बोलायला नको होते, असे मला वाटते. त्याच्या गुरूची पहिली रीतही तेच सांगते. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. थॉमसने आपल्या शब्दाची किंमत आपल्या मानेने दिली. आंतोनियोच्या वेळी ती किंमत दुसऱ्यांनी दिली.

पंथ एकच. झगा तोच, दोर तोच, दोराच्या गाठीही तीनच. बेटही एकच, ठाण्यापासून मंडपेश्वर एका दिवसाच्या चालीवर. मग दोघांत फरक कशाने पडला? बायबल बदलले नव्हते. फरक पडला तो पाठीशी उभ्या असलेल्या राजाने. १३२१ च्या चौघांपाशी काही नव्हते. सोळाव्या शतकातल्यांपाशी लिस्बनच्या राजाचा आश्रय होता. पोपाने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चचा पालक नेमले होते. बिशप सुचवायचे राजाने, देवळे बांधायची राजाच्या तिजोरीतून, पाद्र्यांचा शिधा राजाच्या कोठारातून. ज्याचा शिधा खावा त्याचे काम करावे लागते. आंतोनियो दुष्ट होता असे मानण्याची गरज नाही. बहुधा तो प्रामाणिकच होता, आणि त्याच्या विद्यालयात शिकलेल्या पोरांना त्याच्या हातून चार घासही मिळाले असतील. परंतु राजदंड हाती आलेल्या प्रामाणिक माणसाची मला दुष्टाहून अधिक भीती वाटते. दुष्टाला कधीतरी आपली लाज वाटते; प्रामाणिकाला वाटत नाही. तो दुसऱ्याचा देव भिंतीआड करतो आणि रात्री समाधानाने झोपतो.

इतके बोलल्यावर मेव्हणे खूश झाले असतील. आता त्यांच्या वाक्याचा दुसरा तुकडा. 'त्या आजींच्या लोकांनी.'

आमच्या शेजारच्या आजी एकसरच्या. तेच एकसर, जिथे शिलाहारांच्या काळातल्या आरमारी लढाईची चित्रे कोरलेले वीरगळ उभे आहेत. त्यांचे आजे-पणजे तिथेच भाताची शेती करीत. आडनाव पोर्तुगीज, नाव पोर्तुगीज, आणि तोंडात मराठी. तीही अशी की तिच्यातले काही शब्द आमच्या आजीच्या तोंडी ऐकले तेवढेच. लिस्बन त्यांनी नकाशातही पाहिले नसेल. आता सांगा, १५४० च्या पुढेमागे जेव्हा पाद्री मंडपेश्वराच्या पायऱ्या उतरले, तेव्हा या आजींचे पूर्वज कोणाच्या बाजूला उभे होते? ते गलबतातून उतरले नव्हते. ते येथेच होते. श्रावणातल्या सोमवारी त्याच लेण्यात बेल वाहत असतील. नवस बोलत असतील, फेडत असतील. लेणे गेले ते त्यांचे गेले. माझे पूर्वज तेव्हा देशावर होते आणि मेव्हण्यांचे कुठे होते ते मेव्हण्यांनाही ठाऊक नाही. मंडपेश्वराच्या अंगणात ज्यांची परंपरा तुटली, ज्यांच्या डोळ्यांदेखत देवावर गिलावा चढला, ते साष्टीचे शेतकरी आणि कोळी. त्यांच्यातल्याच काहींनी पुढे कधी भीतीने, कधी पोटासाठी, कधी मनापासून पाणी घेतले. त्यांतले किती कशाने ख्रिस्ती झाले याचा हिशेब आज कोणालाही मांडता येणार नाही, आणि मांडता आला तरी पणतूच्या पणतूला त्याचा जाब विचारता येणार नाही.

म्हणजे मेव्हण्यांनी काय केले? ज्याचे घर लुटले गेले, त्याच्याच नातवाच्या दारात लुटीची वसुली मागायला उभे राहिले. न्यायाची याहून मोठी थट्टा मी पाहिली नाही.

आणि ज्यांनी लेणे घेतले ते कुठे गेले? ते गेले. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसई पडली. पोर्तुगीज सरदार गेले, त्यांच्याबरोबर त्यांचे पाद्री आणि मठवासीही गेले. टेकडीवरचा मठ ओस पडला. राहिले कोण? एकसर, गोराई, मनोरी, उत्तन येथले तेच लोक. राजा गेला, राजाचा शिधा गेला, तरी ते आपल्या क्रूसापाशी राहिले. मराठे आले म्हणून त्यांनी गाव सोडले नाही, इंग्रज आले म्हणून मराठी सोडली नाही. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. नाव इंग्रजी घेतले. लग्नात हळद लावायची आणि उंबराचे पाणी आणायचे ते काही सोडले नाही.

भाषेची गोष्ट निघालीच आहे तर येथेही दोन्ही बाजूंचा हिशेब मांडू. गोव्यात १६८४ साली व्हाइसरॉयने एक फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. हे फर्मान निघण्यामागे फ्रान्सिस्कनांचाच आग्रह होता. लोकांची भाषा शिकण्याचा आळस आला की लोकांनाच भाषा बदलायला सांगायचे, असा हा सरळ हिशेब! हा त्यांच्या खात्यावरचा दुसरा मोठा डाग, आणि तोही राजाच्या शाईने पडलेला.

परंतु त्याच शतकात त्याच मिशनरी मंडळींतल्या कोणी आपल्या या उत्तर कोकणातल्या बोलीचे व्याकरण लिहिले. ते हस्तलिखित पडून राहिले आणि कुन्य रिव्हार यांनी १८५८ साली गोव्यात छापून काढले. आणि फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश नावाच्या पाद्र्याने येशूच्या दुःखभोगाचे पुराण इकडच्या ख्रिस्ती लोकांच्या मराठीत रचले; ते १६५९ साली लिस्बनला रोमन लिपीत छापले गेले. मराठीच्या प्राध्यापकांना जेझुइट फादर स्टीफन्सचे १६१६ चे 'क्रिस्तपुराण' ठाऊक असते. ते ठाऊक असावेच. मोठा ग्रंथ आहे. पण साष्टी-वसईच्या घराघरांतून उपवासकाळात पिढ्यान्‌पिढ्या गायले गेलेले हे दुसरे पुराण आमच्या वाङ्मयाच्या इतिहासात कुठेतरी तळटिपेत सापडले तर सापडते. ते संस्कृतप्रचुर नाही, शिष्टांच्या मराठीत नाही, म्हणून? की ते बोरिवली-वांद्र्याच्या शेतकऱ्याच्या तोंडचे आहे म्हणून? ज्या लोकांनी फर्मानांना न जुमानता मराठी राखली, त्यांना आपण मराठी म्हणून मोजायला तयार नाही आणि 'त्यांचे लोक' म्हणून देऊळफोडीच्या यादीत मात्र आधी मोजतो. दोष पोर्तुगिजांचा होता असे म्हणताना आपणही त्यांचेच काम पुढे चालवीत असतो. त्यांनी या लोकांना आपल्यापासून तोडायला सुरुवात केली. उरलेला धागा आपण तोडतो आहोत.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो मी दबकत मांडणार नाही. मंडपेश्वराकडे बोट दाखवून जे तावातावाने बोलतात, त्यांतले बहुतेक तिथे कधी गेलेले नसतात. गेलेच तर शिवरात्रीला, रांगेत. लेणे भारतीय पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात आहे, गाभाऱ्यात महादेवाची पूजा होते. म्हणजे लेणे परत मिळाले. मिळाल्यावर आपण काय केले? त्याच्याभोवती वस्ती दाटू दिली, खांबांवर नावे कोरू दिली, आणि वरच्या मठाच्या भिंतींत कचरा टाकू दिला. पाद्रीने गिलावा चढवला तो देवाला भिऊन. आपली अनास्था त्याला भीतही नाही.

पण माझे भांडण याहून मोठे आहे. मंडपेश्वर ज्याला काही शिकवणार असेल, त्याला ते एकच गोष्ट शिकवील: धर्माने राजाच्या खांद्यावर बसून फिरू नये. तो कोणता धर्म, हा प्रश्नच नाही. फ्रान्सिससारख्या संताचा पंथसुद्धा त्या खांद्यावर बसला आणि आपल्या गुरूला विसरला, तर आपण कोण मोठे लागून गेलो? आज इथे आपण बहुसंख्य आहोत, राज्य आपले आहे, पोलीस चौकी आपली आहे. अशा वेळी कोणी येऊन सांगू लागले की जुन्या अन्यायाची भरपाई आता राज्याच्या बळावर करून घेऊ, तर समजावे की आंतोनियो दो पोर्तो परत आला आहे. झगा बदलला आहे, दोराचा रंग बदलला आहे. काम तेच आहे. त्याचा राग असेल तर त्याची नक्कल करू नये. एवढे साधे आहे.

लेण्यातला क्रूस मला काढून टाकावासा वाटत नाही. तो तिथे राहिला पाहिजे. शिवाच्या तुटलेल्या हातासारखाच तोही घडलेल्या गोष्टीचा पुरावा आहे. फक्त शेजारी एक पाटी हवी: कोणी केले, केव्हा केले, कोणाच्या बळावर केले. नाव आंतोनियोचे लिहा, राजाचे लिहा, साल लिहा. निनावी ठेवाल तर ते पाप वाऱ्यावर फिरत राहील आणि जो पहिला पोर्तुगीज आडनावाचा माणूस दिसेल त्याच्या डोक्यावर जाऊन बसेल. इतिहासात नावे नीट लिहिली नाहीत की अशी वसुली शेजाऱ्याकडून होते.

त्या संध्याकाळी घरी परतताना नातवाचा प्रश्न तसाच राहिला होता. जिन्यात आजी भेटल्या. हातात आमचेच ताट होते, धुऊन पुसून. आमच्याकडे रिकामे ताट परत द्यायची रीत नाही आणि त्यांच्याकडेही नाही, म्हणून त्यात अगेराच्या सणाला घरी आलेल्या नव्या भाताचे तांदूळ होते. कुठल्याशा नातलगाची शेती अजून गोराईकडे टिकून आहे. आजींनी नातवाला विचारले, "कुठं रे गेलेलास?"

तो म्हणाला, "मंडपेश्वरला. महादेवाच्या देवळात."

"हां," आजी म्हणाल्या, "आमचा आजा सांगायचा, पूर्वी आमची माणसं तितंच जायची."

नातवाने माझ्याकडे पाहिले, मग मेव्हण्यांकडे. मेव्हणे काही बोलले नाहीत. पोराने आजींच्या हातातले ताट दोन्ही हातांनी घेतले आणि तांदूळ सांडू न देता वर नेले.